सनदकाका

माणूस निवृत्त झाला की त्याला एक तर मधुमेह होतो, नाहीतर वंशावळ. सनदकाकांना दोन्ही झालं. पैकी मधुमेह आटोक्यात आहे.

काकांचं आडनाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्या आडनावाचे लोक ‘आमच्यापैकीच का हो?’ म्हणून विचारत येतील, आणि त्यांना बसवून घेऊन चार पिढ्यांची नावं लिहून घेतल्याशिवाय काका सोडणार नाहीत. सोसायटीत त्यांना सगळे सनदकाकाच म्हणतात. नाव चेष्टेनं पडलं, पण काकांनी ते पदवी समजून घेतलं. “पुण्यात आमच्याआधी एक सार्वजनिक काका होऊन गेले,” ते सांगतात. “गणेश वासुदेव जोशी. तेही वकीलच. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र त्यांनी घेतलं होतं.” यातला ‘तेही’ ऐकणाऱ्याच्या घशात अडकतो, कारण सनदकाका स्वतः वकील नाहीत. ते पाटबंधारे खात्यात होते. वडील शाळामास्तर, आजोबा तलाठी. वकील होते ते पणजोबा. म्हणजे, होते असं घरात म्हणतात.

घरात म्हणतात ते वाक्य एवढंच : “आपल्याकडे वकिली होती.” कुणाची, कुठल्या कोर्टात, किती साली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि ज्यांना माहीत होतं ते गेले. पुरावा म्हणून दोन वस्तू आहेत. एक पितळी दौत. दुसरा एक फोटो, त्यातला नेमका चेहरा वाळवीनं खाल्ला आहे. पगडी, उपरणं आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला एक हात एवढं शिल्लक आहे. काका तो हात सगळ्यांना दाखवतात. “बघ, कसा ठेवलाय. हा वकिलाचाच हात.”

“फोटोवाल्याकडे सगळेच तसा हात ठेवायचे,” काकू आतून म्हणतात.

काकूंना काका ‘विरुद्ध पक्ष’ म्हणतात. अर्थात त्या ऐकत नसताना.

मुलीनं भजनं ऐकायला म्हणून टॅब घेऊन दिला, तिथून हे सुरू झालं. काकांना कळलं की जुने लॉ रिपोर्ट स्कॅन होऊन घरबसल्या वाचता येतात. मुंबईचं हायकोर्ट १८६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. पहिल्या वर्षांचे निकाल ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’च्या बारा खंडांत आहेत, आणि १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका सुरू होते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आहे, आपल्या सरकारचं ‘आपले अभिलेख’ आहे. त्यावर जुने सातबारे आणि फेरफार निघतात. भजनं राहिली. आता रात्री दोन वाजता आमच्या फोनवर पिवळट पानांचे फोटो येऊन पडतात आणि खाली काकांचं एकच वाक्य असतं : “हे आमचे तर नव्हेत?” यासाठी त्यांनी वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आहे. त्याचं नाव ‘अपेलेट साइड’. सोसायटीतल्या प्रत्येकाला त्यात न विचारता घेतलं आहे, आणि बाहेर पडणाऱ्याला परत घेतलं जातं.

अपेलेट साइड म्हणजे काय हे मला लिफ्टमध्ये कळलं. काकांचा मजला तिसरा, माझा चौथा. तिसऱ्यावर लिफ्ट थांबते, काका एक पाय बाहेर टाकतात, दुसरा दाराच्या फटीत रोवतात आणि मग विषयाला हात घालतात. दार त्यांच्या चपलेवर येऊन आपटतं, मागे जातं, पुन्हा येतं. काकांचं चालू असतं. “पूर्वी ‘वकील’ म्हटलं की सगळे एक नव्हेत. जिल्हा कोर्टाचा वकील निराळा, हायकोर्टाचा वकील निराळा. मुंबईत आणखी भानगड. ओरिजिनल साइडला बॅरिस्टर, आणि त्यांच्याकडे काम आणणारे सॉलिसिटर. आपल्या देशी वकिलानं अपेलेट साइडला उभं राहायचं. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक! ‘व्यवहारमयूखा’चं इंग्रजी करणारा माणूस, १८८४ साली सरकारी वकील झाला. पण तोही हायकोर्ट वकीलच, बॅरिस्टर नव्हे. हे सगळे भेद मोडले ते १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं. मग आमचे पणजोबा यांतले कुठले?” खाली कुणीतरी बटण दाबून दाबून दमतं आणि जिन्यानं वर येतं. येता येता काकांना नमस्कार करतं. काका त्यालाही तोच प्रश्न विचारतात.

पणजोबा बॅरिस्टर असते तर बरं झालं असतं, असं काकांना मनातून वाटतं. त्यात मोठेपणाची हाव नाही. सोय आहे. बॅरिस्टर व्हायला लंडनच्या चार ‘इन’पैकी एकात नाव घालावं लागे, आणि ते साहेब लोक नावं जपून ठेवतात. इनर टेंपलची प्रवेशनोंद १५४७ सालापासूनची आहे, ती कुणालाही बसल्या जागी शोधता येते; माणसाचं नाव, बापाचं नाव, ठावठिकाणा. काकांनी एका संध्याकाळी सवय म्हणून तिथे पणजोबांना शोधलं. पणजोबा नव्हते. गांधी होते. १८८८ साली प्रवेश, १८९१ साली बॅरिस्टर. १९२२ साली शिक्षा झाल्यावर त्याच इनर टेंपलनं त्यांचं नाव काढून टाकलं आणि १९८८ साली परत घातलं. काका हे वाचून बराच वेळ गप्प होते. “बघ,” शेवटी म्हणाले, “नाव काढलं, त्याचीही नोंद ठेवलीय. आणि आमच्याकडे नाव घातल्याची नाही.”

आपल्याकडच्या शोधाची खरी अडचण कागदाची नव्हतीच, नावाची होती. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं हा काकांच्या घरचा रिवाज. पणजोबा महादेव गोविंद, आजोबा गोविंद महादेव, वडील महादेव गोविंद, आणि काका पुन्हा गोविंद महादेव. दीडशे वर्षं घर दोन नावांवर चाललं. त्यात त्या काळच्या रिपोर्टात वकिलाचं स्वतःचं नाव आणि बापाचं नाव छापत, आडनाव पुष्कळदा गाळत. ‘मिस्टर शांताराम नारायण, अपेलंटतर्फे.’ ‘मिस्टर घनश्याम नीळकंठ, रिस्पॉन्डंटतर्फे.’ खुद्द न्यायमूर्ती नानाभाई हरिदास सगळीकडे नानाभाई हरिदासच. म्हणजे १८६२ पासून पुढे कुठलाही गोविंद किंवा कुठलाही महादेव उभा राहिला की तो काकांचाच. जन्म बंडाच्या आधी कधीतरी आणि मृत्यू प्लेगात, एवढीच घरात माहिती. ती तर निम्म्या महाराष्ट्राच्या पणजोबांना लागू पडते.

तरी मशीनचा त्रास वेगळाच. जुन्या छपाईत आकार दाखवायला इंग्रजी ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ देत. स्कॅन वाचणाऱ्या मशीनला ती रेघ उमजत नाही, तिथे ते बेधडक ‘डी’ वाचतं. त्यामुळे महादेवाला शोधायचं तर ‘महड्‌देव’ असं टाइप करावं लागतं. ‘एन’ उलटा होऊन ‘यू’ होतो, म्हणजे गोविंदाचा ‘गोविउद’. काकांनी अशा अपभ्रंशांची एक वही केली आहे. एका बाजूला शुद्ध नाव, दुसऱ्या बाजूला मशीननं केलेली त्याची दशा. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाची सवय, त्यामुळे लाल रेघा मारून, अनुक्रमांक घालून. स्वतःच्या कुलदैवताचं नावही त्यांनी मशीन कसं वाचेल ते लिहून ठेवलं आहे. न जाणो, देवस्थानाचा दावा निघाला तर.

आणि एका रविवारी सकाळी काकांना पणजोबा सापडले.

घराघरांत पेढा पोचला. महादेव गोविंद, बी.ए. १८६२, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत. एलएल.बी. १८६६. पुढे पुण्यात प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश आणि १८९३ साली थेट हायकोर्टाचे न्यायमूर्ती. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मुन्सफीच्या बाहेर आम्ही अपेक्षाच केली नव्हती रे. आणि बघ, जन्मही आमच्याच नाशिक जिल्ह्यातला, निफाडचा!” दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही, कारण पेढा चितळ्यांचा होता. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीनं विचारलं, “आजोबा, हे न्यायमूर्ती रानडे नाहीत का?”

झालं होतं असं की स्कॅनमध्ये ओळ जिथे संपत होती तिथे ‘महादेव गोविंद’ संपत होतं आणि ‘रानडे’ खालच्या ओळीवर गेले होते. शोधाच्या चौकटीत वरचीच ओळ दिसत होती. काकांनी धागा धरून सगळी कारकीर्द गोळा केली, फक्त त्या एका ओळीच्या खाली बघितलं नाही.

दुसरा कुणी खचला असता. काकांनी निष्कर्ष काढला : “म्हणजे पद्धत बरोबर आहे. रानडे सापडू शकतात तर पणजोबाही सापडतील.”

मग काका घराबाहेर पडले. टॅबवर सगळं येत नाही हे त्यांना कळलं होतं. मुंबईला काळ्या घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे ते गेले. पुण्यात पेशवे दप्तरात गेले. तिथे कागद रुमालात बांधून ठेवतात, आणि त्या दप्तरात असे हजारो रुमाल आहेत हे ऐकल्यावर त्यांनी खिशातल्या रुमालानं घाम पुसला. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत त्यांना स्वतःच्या आजोबांची सही मिळाली. तिच्याखाली घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं होती. धंदा नव्हता. “क्षेत्राला आलेल्या माणसाला उपाध्याय धंदा विचारत नाहीत,” काका म्हणाले, “दक्षिणेवरून ओळखतात.”

पुढे मोडीचा वर्ग लावला. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं तिच्या खाली अडकवत जातो; हात उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही. काकांनी हे तंत्र इतकं आत्मसात केलं की त्यांनी दिलेली वाण्याची यादी परत आली. त्याच सुमारास कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. काकांनाही कुणी कुणी कागद घेऊन विचारायला येऊ लागलं. काका त्यांचा कागद वाचून देत, आणि मोबदला म्हणून त्यांच्या तालुक्यात कुणी महादेव गोविंद नावाचा वकील ऐकलाय का, ते विचारत.

खरी गाठ सुटली ती जिल्ह्यावरून. काका इतके दिवस नाशिक जिल्ह्याचे कागद बघत होते. पण नाशिक जिल्हाच मुळी १८६९ साली झाला, काही तालुके अहमदनगरातून घेऊन आणि काही खानदेशातून. काकांचं गाव बागलाणातलं. तिथले आधीचे, आणि काही नंतरचेही, कागद खानदेशाच्या नावावर. त्यांनी शोधाचा जिल्हा बदलला, महादेवाच्या सगळ्या अपभ्रंशांसकट पुन्हा खंडामागून खंड उलटले, आणि अठराशे ऐंशीच्या दशकातलं एक पान उघडलं.

ते पान मी पाहिलं आहे. समासात साल, त्याखाली दोन्ही पक्षांची नावं. मध्ये बारीक टाइपात दाव्याचा सारांश : पाटाच्या पाण्याची पाळी. बागलाणात मोसम-आरमच्या काठी फड पद्धत जुनी. बंधाऱ्याचं पाणी पाटानं येतं आणि पाटकरी ते पाळीपाळीनं सोडतो. एका भावकीनं दुसऱ्या भावकीची पाळी अडवल्याचा आरोप. गाव तेच, बंधारा तोच, चुलत घराण्याची नावं तीच. या खेपेला काकांनी खालची ओळही वाचली, तिच्याखालचीही वाचली. शंकेला जागा नव्हती. महादेव गोविंद. आणि नावापुढे कंसात : ‘मूळ प्रतिवादी क्रमांक दोन, अपेलंट’.

वकील म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. त्यालाही आडनाव नव्हतं.

पणजोबा मुन्सफाच्या कोर्टात हरले होते, जिल्ह्याला हरले होते आणि दुसरं अपील घेऊन मुंबईला गेले होते. मुंबईनं एका परिच्छेदात सांगितलं की हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, कायद्याचा नाही. खालचा निकाल कायम. अपील खर्चासह नामंजूर.

टॅब टेबलावर ठेवून काका बसून राहिले. काकूंनी चष्मा लावून पान वाचलं, ‘खर्चासह’पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे घरात म्हणायचे ते खोटं नव्हतं. आपल्याकडे वकिली होतीच. फी आपण भरत होतो.”

“आणि ती दौत?” मी विचारलं.

“वकील विसरून गेला असेल,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर काका लिफ्टमध्ये कुणाशी बोलेनात. दार एका झटक्यात बंद व्हायला लागलं आणि आम्हा सगळ्यांना ते चमत्कारिक वाटू लागलं. ‘अपेलेट साइड’वर रात्री काही येईना, एकदोघांनी तब्येतीची चौकशीही केली. मग एका सकाळी काकांनी मला गाठलं, पाय दारात रोवला आणि नवी भूमिका मांडली.

“वकील काय, सनद मिळाली की कुणीही होतो. पक्षकार व्हायला हिंमत लागते. मुन्सफ, जिल्हा, हायकोर्ट! रेल्वेनं मुंबईला जायचं, धर्मशाळेत उतरायचं, साहेबाची भाषा कळत नसताना कोर्टात बसायचं. कशासाठी? पाण्याच्या एका पाळीसाठी. आणि मी? तीस-बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात पाण्याच्या पाळ्याच लावल्या. माझ्या पाळीपत्रकावर कुणी दावा तर सोड, साधी हरकत घेतली नाही.” यात अभिमान किती आणि खंत किती, ते त्यांच्या आवाजावरून कळेना.

पण विचार केला तर काकांच्या हाती जे लागलं होतं ते वकिलापेक्षा मोठं होतं. जुन्या कोर्टांचे कागद म्हणजे आपल्या खेड्यांची जवळजवळ एकमेव बोलकी हकीकत. दत्तक, वाटणी, गहाण, खोती, वतन, गावच्या जोशीपणाचा हक्क, देवळातला पहिला मान. त्यात घरांच्या जागा कळतात, विहिरींची मालकी कळते, कोण कुणाशी बोलत नव्हतं तेही कळतं. मात्र त्यात येतो तो भांडणारा. शेजारच्या पाटावर ज्यानं आपली पाळी आली की पाणी घेतलं आणि संपली की दार बंद केलं, तो शहाणा माणूस कुठल्याच खंडात नाही. त्याच्या पणतवानं कितीही टॅब घेतले तरी तो सापडायचा नाही. चांगलं वागल्याची नोंद करणारं कार्यालय इंग्रजांनी काढलं नाही आणि आपणही काढलेलं नाही.

काकूंनी हे जास्त लवकर ओळखलं. एकदा त्या म्हणाल्या, “माझी पणजी शोधा ना.” काकांनी उत्साहानं वही उघडली आणि अडले. नाव काय घालायचं? माहेरचं एक, सासरचं एक, आणि घरात सगळे ‘बय’ म्हणत. जुन्या निकालांत बाई येते ती विधवा म्हणून, दत्तक घेताना, नाहीतर पोटगी मागताना. काकूंची पणजी सवाष्ण गेली, दत्तकाची वेळ आली नाही आणि पोटगी मागण्याइतकं कुणी तिला दुखावलं नाही, किंवा दुखावलं तरी ती बोलली नाही. “रखमाबाई बघ,” काका समजूत घालायला म्हणाले. “नवऱ्याच्या घरी जाणार नाही म्हणाल्या. १८८५ सालचा निकाल आजही जसाच्या तसा वाचायला मिळतो. काशिनाथ त्रिंबक तेलंग होते त्यांच्या बाजूनं.”

“आणि ज्या गेल्या त्यांचं?” काकूंनी विचारलं. काकांनी वही मिटली.

त्या रात्री काकांनी ई-कोर्ट्सच्या पानावर पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा एक क्रमांक असतो, पक्षकाराच्या नावानंही शोधता येतं. गोविंद महादेव, पुणे जिल्हा. काही नाही. आडनावासह. काही नाही. ‘गोविउद’ही घालून बघितलं. काका हबकले. दीडशे वर्षांनी कुणी पणतू बसेल शोधायला, आणि त्याला वाटेल, महादेव गोविंदानंतर हे घर पाण्यातच बुडालं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझ्या न्हाणीघराचं पाणी त्यांच्या छतातून ठिबकू लागलं.

मी प्लंबरला घेऊन खाली गेलो. बोलणी खायची तयारी ठेवून गेलो होतो. काकांनी दार उघडलं, मला मिठी मारायची बाकी ठेवली. “ये, ये! बस. ह्यांना म्हणावं कशाला हात लावू नका. स्थळपाहणी व्हायची आहे.”

“रोज बादली मी उचलते, तेव्हा स्थळपाहणी माझी झालीय,” काकू म्हणाल्या.

पहिल्या मजल्यावरच्या तरुण वकीलबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्या काकांना समजावत होत्या की इतक्या लहान गोष्टीत दावा कुणी लावत नाही, आणि लावलाच तर लोकअदालतीत मिटेल.

“मिटू दे. पण अपील?”

“लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, काका.”

काकांचा चेहरा उतरला. “मुळीच नाही?”

“मुळीच नाही. तोच तर फायदा आहे.”

“अगं, मग रिपोर्टात छापून कसं येणार?” वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी प्लंबरकडे बघितलं. प्लंबर छताकडे बघत होता. पाना हातात घेऊन तो मघापासून दारातच उभा होता.

शेवटी काकांनी दावा स्वतः लिहायला घेतला. मजकूर नंतर, आधी नावं. पुढच्या पिढ्यांचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांनी कसलीच कसर ठेवली नाही. वादी : गोविंद महादेव, पुढे आडनाव, मूळ राहणार बागलाण, पूर्वी जिल्हा खानदेश, आता नाशिक, सध्या पुणे, महादेव यांचा मुलगा, गोविंद यांचा नातू, महादेव गोविंद यांचा पणतू. आणि त्यापुढे कंसात : हे न्यायमूर्ती रानडे नव्हेत.

“आता तुझं,” ते मला म्हणाले. “पूर्ण नाव सांग. आजोबांचं? पणजोबांचं? आईचं माहेरचं आडनाव?”

“काका, दाव्यात हे लागतं?”

“दाव्यात नाही लागत. तुझ्या पणतवाला लागेल.”

मी सांगितलं. स्पेलिंगसकट सांगितलं, एक अक्षर दोनदा लिहून घेतलं. प्रतिवादी होणं इतकं प्रेमाचं असेल असं मला वाटलं नव्हतं.

काकू चहा घेऊन आल्या. दोन्ही पक्षांना कप दिले, एक प्लंबरला दिला, आणि कागद वाकून वाचला. “यात माझं नाव नाही.”

“तुझा काय संबंध? तू पक्षकार नाहीस.”

“बादली कोण उचलतं?”

काका गप्प झाले. वकीलबाई हळूच म्हणाल्या की फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तेव्हा कायद्यानंही काकूंचं म्हणणं बरोबर आहे. काकांनी पेन उचललं. ‘वादी’च्या जागी ‘वादी क्रमांक दोन’ केलं, वर जागा केली आणि काकूंना विचारून विचारून लिहू लागले : नाव, माहेरचं नाव, वडील, आई, आजी. पणजीपाशी काकू थांबल्या. “बय लिहा,” म्हणाल्या. काकांनी लिहिलं, आणि मशीनला नीट वाचता यावं म्हणून पुन्हा सुट्या ठळक अक्षरांत लिहिलं.

काकूंनी नाव वाचून बघितलं, चष्मा काढला आणि प्लंबरला हाक मारली. “जा रे वर, यांच्या न्हाणीघरात काय ते बघून घे आणि आजच्या आज बंद कर. वादी क्रमांक एकला तडजोड मान्य आहे.”

प्लंबर सुटला तो दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

“आणि वादी क्रमांक दोननं काय करायचं?” काकांनी विचारलं.

“काम होईपर्यंत बादली उचलायची,” काकू म्हणाल्या.